बायकॅल्युटामाइड १५०: वर्षभर घेतल्यानंतर

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काही काळ पीएसए (रक्तातली या कॅन्सरची खूण) शून्याजवळ राहिला आणि मग पुन्हा चढू लागला. डॉक्टरांनी रेडिएशन दिलं आणि सोबत बायकॅल्युटामाइड १५० मिलिग्रॅम, रोज एक गोळी, दोन वर्षांसाठी. आता वर्ष उलटलंय. पीएसए तळाला आहे, गोळी तिचं काम चोख करतेय. छातीचं काय होतं हे मात्र पुरुष एकमेकांना सांगत नाहीत, म्हणून इथे मुख्यतः तेच लिहितो.

सुरुवातीच्या महिन्यांतच स्तनाग्रं हुळहुळी झाली. बनियन घासला तरी झोंबायचं. टॉवेलने अंग पुसताना हात आपोआप हलका पडायचा. पुढे आत सुपारीएवढी टणक गाठ हाताला लागली. नात धावत येऊन छातीवर आदळली की डोळ्यांपुढे काजवे चमकत. कॅन्सर इथेही आला की काय, ही धास्ती बसलीच. तपासून डॉक्टर म्हणाले, "स्तनाची ग्रंथी वाढलीय, गोळीमुळे."

ही गोळी टेस्टोस्टेरॉन कमी करत नाही. पेशीत ते जिथे जाऊन बसतं ती जागा अडवते. मेंदूचा समज होतो की हार्मोन कमी पडतंय, म्हणून तो वृषणांना आणखी बनवायला लावतो. त्यातल्या काहीचं शरीरात इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्रियांचं हार्मोन, होतं आणि स्तनांवर त्याला रोखणारं कुणी उरत नाही. ल्युप्रोलाइडसारख्या इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉनच खाली येतं, त्यामुळे छातीचा त्रास कमी, पण अंगातून गरम वाफा आणि हाडांची झीज जास्त.

माझ्यासारख्याच रुग्णांवरची एक मोठी चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. रेडिएशनसोबत हीच गोळी २४ महिने घेतलेल्यांपैकी ७६.३ टक्के १२ वर्षांनी हयात होते, नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी ७१.३ टक्के. स्तनवाढ मात्र ६९.७ टक्क्यांना झाली, दुसऱ्या गटात १०.९. दहांतल्या सातांना होणारी गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? याचा राग मला अजून आहे.

पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, हे विचारून (तिने गुठळीचा धोका वाढतो) डॉक्टरांनी मला टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम, स्तनांवर इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी, सुरू केली. औषधाच्या दुकानात ती बायकांची गोळी म्हणून ओळखतात, तिकडे लक्ष देऊ नका. दुखणं बरंच उतरलं, गाठ मऊ पडली. फुगवटा मात्र शर्टातून अजून दिसतो. वाढलेली ग्रंथी बराच काळ तशीच राहिली तर तंतुमय होते, मग गोळ्यांना दाद देत नाही, कापूनच काढावी लागते. त्यामुळे पहिल्या हुळहुळीलाच डॉक्टरांना सांगा. अजून गोळी सुरू झाली नसेल तर आधी छातीला थोडं रेडिएशन देता येतं, त्याबद्दल विचारा.

बाकी त्रास त्यामानाने सोसवणारा: थकवा, अधूनमधून घाम, इच्छा कमी झाली पण संपली नाही. बायकोशी हे सगळं स्पष्ट बोललो, त्याने फार हलकं वाटलं. लिव्हरची रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करतोच, ती चुकवू नका. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर आधीच सांगा. बायकॅल्युटामाइडने रक्त जास्त पातळ होऊ शकतं. आणि छाती कितीही दुखली तरी गोळी परस्पर बंद करू नका, दुखण्यावर इलाज आहे.