रविवारचा गोदी वॉक: सोनं जरा कमी सांगा

सुनेने वाढदिवसाला तिकीट काढून दिलं, 700 रुपयांचं. म्हटलं, गोदीत टॅली क्लार्क म्हणून, म्हणजे चढता-उतरता माल मोजत, 34 वर्षं काढली, आता तीच बघायला पैसे मोजू? पण गेलो. टाउन हॉल ते मस्जिद बंदर, विषय महायुद्धातली मुंबई. साडेनऊला सोडतो म्हणाले, दहा वाजले. पाचपैकी चार तारे देतोय.

सुरुवात झकास. सांगणारा पोरगा तिशीचा, मराठी स्वच्छ. पायऱ्यांवर उभं करून त्याने 10 जून 1918 चा दिवस सांगितला. पहिल्या महायुद्धाला माणसं हवी होती म्हणून गव्हर्नर विलिंग्डनने इथे युद्धपरिषद भरवली. टिळकांनी बोलताना स्वराज्याचा विषय काढला, लाटसाहेबांनी मध्येच अडवलं, तशी टिळक सभा सोडून चालते झाले.

मात्र त्याने टिळकांना सरळ 'युद्धविरोधी' करून टाकलं, ते पटलं नाही. भरतीला त्यांचा विरोध नव्हता. त्यांनी गांधीजींना 50,000 रुपयांचा चेक पाठवला होता: आपल्या माणसांना सैन्यात अधिकारी करण्याचं वचन सरकारकडून आणा, मी 5,000 माणसं देतो, नाही दिली तर ही रक्कम जप्त. गांधीजींनी चेक परत केला, ते सोडा. लढाई तुमची, मरणार आमची पोरं, मग आमच्या पदरात काय? एवढाच टिळकांचा सवाल होता, आणि 'युद्ध वाईट' म्हणण्यापेक्षा मला तो जास्त टोकदार वाटतो.

1939 त्याने दोन मिनिटांत उरकलं. व्हाइसरॉय लिनलिथगोने इथल्या कुणालाही न विचारता हिंदुस्थानला दुसऱ्या महायुद्धात ढकललं, मुंबई प्रांताच्या खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, चला पुढे. अरे, त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला मुंबईतल्या 90,000 कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला होता! माझे आजोबा तेव्हा परळच्या गिरणीत, त्यांचाही खाडा झाला. मी सांगितल्यावर त्याने मोबाइलमध्ये टिपून घेतलं, तेवढं मोठेपण आहे त्याच्याकडे.

तारा कापला तो 14 एप्रिल 1944 साठी. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन बोट फुटली. बोटीत स्फोटकं, त्याच पोटात कापसाच्या गासड्या. असा माल एकत्र भरायचा नसतो हे आमच्याकडे नवख्या पोरालाही ठाऊक, पण लढाईची घाई. पोरगा पंधरा मिनिटं सोन्याच्या विटांवर बोलला, कुठे उडाल्या, कुणाला सापडल्या. आग विझवायला गेलेले 66 अग्निशामक जवान मेले, ते एका वाक्यात. वडील तेव्हा दहा वर्षांचे, माझगावात राहायचे. ते सोन्याबद्दल कधी बोलले नाहीत. रात्रभर आभाळ लाल होतं आणि आई दार उघडू देईना, एवढंच सांगायचे.

मध्ये कटिंग चहा (पैसे वेगळे). ग्रुपमधला एक तरुण म्हणाला, आता देश मोठा झालाय, बाहेरच्या लढाईत उतरून वजन दाखवायला हवं. मी म्हटलं, बाळा, माझा भाचा जहाजावर आहे. 2024 मध्ये तांबड्या समुद्रात क्षेपणास्त्रं उडत होती म्हणून त्याचं जहाज आफ्रिकेला वळसा घालून आलं. आपण लढाईत नसताना ही तऱ्हा. उतरलो तर पहिली बोट कुणाची अडेल? तो म्हणाला, काका, तुम्ही फक्त गोदीचाच विचार करता. खरंय, मी गोदीचाच विचार करतो.

शेवट मस्जिद बंदरच्या खलाशी गृहापाशी. पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक तिथे आहे. आपल्या कोकणातून किती पोरं बोटीवर जायची! पण यांनी आत जायची परवानगीच काढली नव्हती, सगळं फुटपाथवरून ऐकलं. पुढच्या वेळी परवानगी काढा, मी पुन्हा येतो, स्वतःच्या पैशाने. पाण्याची बाटली मात्र घरून न्या.