स्टॅटिक इलेक्ट्रिसिटीचं किट – सामान मस्त, कार्ड बेकार

अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या ट्यूशन घेते, त्यासाठी हे किट ऑनलाइन मागवलं. काचेचा आणि पीव्हीसीचा रॉड, रेशमी नि लोकरी कापड, छोटा इलेक्ट्रोस्कोप (चार्ज आहे की नाही हे दाखवणारं साधन), फॉइलचे दोन हलके गोळे आणि फॉर्म्युल्यांचं लॅमिनेट केलेलं कार्ड.

पैसे वसूल होतात ते गोळ्यांवर. दोन्ही एकाच हुकाला 30 सेमीच्या दोऱ्यांनी टांगायचे, पीव्हीसी रॉड लोकरीवर घासून टेकवला की दोघांवर निगेटिव्ह चार्ज येतो आणि ते झटकन लांब होतात. आमच्याकडे 6 सेमी अंतर पडलं, गोळा साधारण 0.1 ग्रॅमचा, मग मुलांनीच वजन आणि दोऱ्याच्या कोनावरून फोर्स काढला, कूलोमच्या नियमात (फोर्स = के × चार्ज × चार्ज ÷ अंतराचा वर्ग) टाकला, के हा स्थिरांक म्हणजे 9×10⁹, दोन्हीकडे चार्ज सारखाच धरला आणि उत्तर आलं सुमारे 6 नॅनोकूलोम (कूलोम हे चार्जचं एकक, नॅनो म्हणजे त्याचा अब्जावा भाग). एका इलेक्ट्रॉनवर 1.6×10⁻¹⁹ कूलोम, म्हणजे एकेका गोळ्यावर जवळपास 4 हजार कोटी इलेक्ट्रॉन जास्तीचे! पोरं गप्पच झाली. आणि अख्खा 1-1 कूलोम एक मीटरवर ठेवला तर फोर्स 9×10⁹ न्यूटन, म्हणजे 9 लाख टनांच्या वर वजन, त्यामुळे गणितात नेहमी मायक्रो-नॅनो का असतं हे वेगळं सांगावं लागलं नाही.

आता कार्ड. सगळीकडे चार्जसाठी नुसता क्यू छापलाय. अरे पण कुठला क्यू? फिल्ड, म्हणजे चार्जभोवतीचा विद्युत प्रभाव, ज्याच्यामुळे तयार होतं तो चार्ज वेगळा आणि त्या फिल्डमध्ये आणून ठेवलेला वेगळा, फिल्ड काढताना पहिला लागतो, फोर्स काढताना त्या फिल्डला दुसऱ्याने गुणायचं. मुलं नेमकी इथेच मार्क घालवतात. पोटेन्शियलच्या (एकक चार्जमागची ऊर्जा) फॉर्म्युल्यात चार्ज प्लस-मायनस चिन्हासकट टाकायचा हेही कुठे लिहिलेलं नाही. मी मार्करने पहिल्याला मोठा क्यू, दुसऱ्याला छोटा क्यू करून घेतलं.

काचेच्या रॉडचं विचारूच नका, दमट हवेत काही धरत नाही. आमच्या डोंबिवलीत जुलैमध्ये तर पीव्हीसीसुद्धा रुसतो, चार्ज ओलाव्यातून निघून जातो, रॉड, कापड आणि दोरे आधी हेअर ड्रायरने वाळवून घ्या. सोबतचा सुती दोरा फेकून द्या, नायलॉनचा बारीक दोरा बांधा, खूप फरक पडतो.

चार स्टार, एक कार्डासाठी कापला. घेणार असाल तर दिवाळीनंतर घ्या.