दादर की मुलुंड: व्यवसाय शिक्षकांचा वर्ग कुठे हलवावा?

परळच्या शाळेची इमारत पुनर्बांधणीला जाणार, तेव्हा व्यवसाय शिक्षकांचा, म्हणजे शाळेत हातकामाचे विषय शिकवणाऱ्यांचा, तिथला प्रशिक्षण वर्ग हलवणं भाग आहे. दादरच्या शाळेची सोय उघड आहे. पश्चिम आणि मध्य, दोन्ही मार्गांवरून थेट पोचता येतं. मुलुंडला मात्र वसईच्या प्रशिक्षणार्थीला ऐन गर्दीत दादरला गाडी बदलावी लागेल.

पण वर्कशॉपचं काय? दादरला दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, तीही दुपारचं अधिवेशन सुटल्यावर. लेथ, म्हणजे धातू कातायचं ते जड यंत्र, वर चढवणार कसा आणि ते हादरे सोसणार कोण? मुलुंडला तळमजल्यावर शेड आहे, मोठ्या यंत्रांना लागणारी थ्री-फेज वीजजोडणी आहे. शिवाय तिथे नववीपासून इलेक्ट्रिकल हा विषय आहे, म्हणजे प्रशिक्षणार्थींना शिकवण्याच्या सराव पाठाला खरे विद्यार्थी मिळतात. वायरचं इन्सुलेशन सोलताना आतली तांब्याची तार कापली जाऊ नये, हे फळ्यावर शिकवता येत नाही. पोराच्या हाताकडे बघावं लागतं. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने व्यवसाय शिक्षणाची ओळख सहावीपासूनच करून द्यायला सांगितलंय, त्यामुळे असे शिक्षक लागणारच.

माझं मत मुलुंडला. फक्त गर्दी टाळायला वर्ग अकरा वाजता भरवा आणि थिअरीचे तास शनिवारी दादरलाच ठेवा.