"दोन वर्षं वापरलेली, फुल अपग्रेडेड" मॅच एअर रायफल : सिलिंडरवरच्या स्टिकरखाली काय निघालं

जाहिरात अशी होती : "जर्मन मॅच एअर रायफल. फक्त दोन वर्षं वापर. फुल अपग्रेडेड. दोन सिलिंडर, नवीन डायॉप्टर साईट, वजनांचा सेट. मुलीनं खेळ सोडला म्हणून विकणे. 1,65,000 फायनल." (मॅच रायफल म्हणजे स्पर्धेची रायफल, डायॉप्टर म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायची मागची साईट.) सांगली जिल्ह्यातल्या एका पालकांनी चौदा वर्षांच्या लेकीसाठी ही रायफल घेतली. फोनवर विकणारा म्हणाला, "दादा, कालच दोघं बघून गेलेत. टोकन टाका, नाहीतर मी थांबणार नाही." टोकन गेलं, आठवड्यात उरलेले पैसेही गेले. रायफल आली ती चकचकीत होती. पुढच्या स्पर्धेला ती इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणीच्या, टेबलावरूनच परत आली.

2022 ला कैरोत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 10 मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. 2024 ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. तेव्हापासून रेंजवर नवी मुलं येतायत आणि त्यांच्या मागे पहिल्या रायफलसाठी धडपडणारे पालकही. नवी मॅच रायफल दोन ते साडेतीन लाखांच्या घरात जाते, म्हणून बहुतेक घरं जुनी शोधतात. हा सगळा तपशील त्यांच्यासाठी आहे. शेतीच्या हंगामाचा किंवा पीएफचा पैसा असा जाऊ नये.

आधी त्या रायफलीत काय काय निघालं ते सांगतो.

पहिल्या सिलिंडरवर मुलीच्या नावाचं रंगीत स्टिकर होतं. ते सोलल्यावर खाली कोरलेली तारीख दिसली. सिलिंडरची मुदत तीन वर्षांपूर्वीच संपली होती. मॅच रायफलच्या हवेच्या सिलिंडरला जास्तीत जास्त दहा वर्षांची मुदत असते. उत्पादनाचा महिना आणि वर्ष किंवा मुदतीची तारीख त्याच्या अंगावर कोरलेली असते. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात सिलिंडर मुदतीत ठेवणं ही खेळाडूची जबाबदारी आहे. "दिसायला नवा आहे" हे उत्तर तिथे चालत नाही. हा नियम उगाच केलेला नाही. सिलिंडरमध्ये हवा 200 बारपर्यंत दाबून भरलेली असते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे दोनशे किलोंचा दाब. हजारो वेळा भरून-रिकामं झालेलं ॲल्युमिनियम थकतं, आणि ओली हवा भरली असेल तर आतून खाल्लंही जातं. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. मुलगी प्रत्येक शॉटला तो सिलिंडर चेहऱ्यापासून हात-दीड हातावर धरून उभी असते.

विकणाऱ्यानं दुसरी एक गोष्ट पुढे केली होती : "हायड्रो टेस्ट करून घेतलाय, स्टिकर बघा." हायड्रो टेस्ट म्हणजे पाण्याच्या दाबानं केलेली सिलिंडरची चाचणी. अग्निशामक सिलिंडर भरणाऱ्या दुकानातलं ते स्टिकर होतं. असल्या स्टिकरनं मॅच सिलिंडरची मुदत वाढत नाही.

दुसरा सिलिंडर मुदतीत होता, पण वेगळ्या कंपनीचा. त्याचे आटे या रायफलला बसतच नव्हते. जाहिरातीत "दोन सिलिंडर" होते, प्रत्यक्षात वापरण्यासारखा एकही नव्हता. नवा सिलिंडर युरोपातच अडीचशे-तीनशे युरोंच्या आसपास मिळतो. आयात, कर आणि दुकानदाराचा नफा धरला की इथे किंमत आणखी चढते. जुन्या रायफलची किंमत ठरवताना हा खर्च आधीच वजा करायला हवा. नेमकं तेच कुणी करत नाही.

"नवीन डायॉप्टर" ही नक्कल होती. रंग, ठसा सगळं जवळपास हुबेहूब. फरक कळला तो क्लिकवर. चांगली मागची साईट उजवीकडे वीस क्लिक, वर वीस, डावीकडे वीस, खाली वीस फिरवली की नेम बरोबर मूळ जागी परत येतो. नकलेत स्क्रूला ढिलाई असते. दिशा बदलताना पहिले दोन-तीन क्लिक नुसते वाजतात, साईट हलत नाही. आणि 10 मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो, आख्खं टार्गेट 45.5 मिलिमीटरचं. तिथे मूल आठवडेच्या आठवडे स्वतःच्या पोझिशनमध्ये चूक शोधत बसतं आणि चूक साईटमध्ये असते. या फसवणुकीतली सर्वांत वाईट बाब आम्हाला हीच वाटते. पैसे निदान मोजता येतात.

"वजनांचा सेट" बॅरलवर लावून रायफल काट्यावर ठेवली तर ती 5.5 किलोच्या वर गेली. एअर रायफलला सर्व साहित्यासह 5.5 किलो ही कमाल मर्यादा आहे. पुढे लावलेल्या जोडनळीमुळे लांबीही वाढलेली असू शकते. यंत्रणेच्या मागच्या टोकापासून नळीच्या दिसणाऱ्या तोंडापर्यंत 850 मिलिमीटरची हद्द आहे. चौदा वर्षांच्या मुलीला इतकं वजन मुळात नकोच असतं. कमरेवर आणि डाव्या कोपरावर भार येतो, पाठ मागे वाकवून तोल सांभाळण्याची सवय लागते आणि पुढे पाठदुखी सुरू होते.

ट्रिगर "हलका करून दिलेला" होता. एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची किमान मर्यादा नाही, त्यामुळे हलका ट्रिगर नियमात बसतो. पण ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो आणि इथे शॉट सुटण्याआधीच्या दुसऱ्या टप्प्याची पकडच जवळजवळ काढून टाकली होती. बट (खांद्याला टेकणारं मागचं टोक) गादीवर आपटला की रायफल आपोआप सुटायची. ही तपासणी रेंजवरच, नळी टार्गेटकडे ठेवून, पेलेट (शिशाची छोटी गोळी) न भरता, कोचसमोर करायची : लिव्हर ओढून रायफल सज्ज करा, बंद करा, बट रबरी मॅटवर जोरात टेकवा. सुटली तर त्या दिवशी ती रायफल कुणाच्याही हातात द्यायची नाही.

आता रेग्युलेटर. याचं नाव जाहिरातीत कधीच नसतं आणि सर्वांत जास्त लबाडी इथेच लपते. सिलिंडरमधला दाब शॉटगणिक उतरत जातो. रेग्युलेटर त्यातून प्रत्येक शॉटला सारखाच दाब पुढे सोडतो. त्याचं सील झिजलं की दोन गोष्टी होतात. एक, शॉटचे वेग मागेपुढे होतात. दोन, रायफल थोडा वेळ पडून राहिली की हवा हळूहळू झिरपून पुढच्या कप्प्यातला दाब वाढतो आणि पहिलाच शॉट वेगळ्या वेगानं जातो. विकणारा दाखवताना सलग शॉट मारून दाखवतो, त्यात हे झाकलं जातं. म्हणून क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजायचं यंत्र, घेऊन बसायचं. दहा शॉट मारा, आकडे लिहा. दहा मिनिटं थांबा, मग अकरावा मारा. मॅच रायफल साधारण 170 ते 175 मीटर प्रति सेकंदाला जुळवलेली असते. दहा शॉटमधला फरक तीन-चार मीटरच्या आत राहिला तर ठीक. दहा-पंधरा मीटरचा फरक आला, किंवा विश्रांतीनंतरचा शॉट इतरांहून स्पष्ट वेगळा निघाला, तर रेग्युलेटर उघडावा लागणार. क्रोनोग्राफ मिळत नसेल तर रायफल टेकवून, विश्रांतीनंतरच्या पहिल्या शॉटचं भोक बाकीच्या ग्रुपपासून (भोकांच्या पुंजक्यापासून) किती दूर पडतं ते पाहा.

गळती तपासायला खास काही लागत नाही. सिलिंडर भरून गेजवरचा आकडा लिहा आणि रात्रभर ठेवा. भरल्यावर लगेचचा आकडा धरू नका. भरताना हवा तापते, थंड झाल्यावर दाब थोडा उतरतोच, त्याला गळती म्हणत नाहीत. तासाभरानंतरचा आकडा आणि सकाळचा आकडा जुळवा. सकाळी काटा खाली दिसला तर साबणाचं पाणी जोडांवर ब्रशनं लावून बुडबुडे शोधा.

याच रायफलच्या भरण्याच्या ॲडॉप्टरमध्ये शिलाई मशीनचं तेल सापडलं. "आटे मऊ राहतात" म्हणून घातलेलं. हे फार धोक्याचं आहे. उच्च दाबाची हवा झटक्यात आत शिरली की ती तापते, आणि खनिज तेल तिथे पेटू शकतं. सीलना फक्त कंपनीनं सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला जेमतेम लागेल इतकं. हवा कोरडी असावी, भरण्याचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा आणि सिलिंडरवर कोरलेल्या बारच्या आकड्याच्या वर जाऊ नये. ऑक्सिजन तर कधीच भरायचा नाही.

बॅरल मात्र चांगलं निघालं. बहुतेक वेळा तसंच असतं. मऊ शिशाच्या पेलेटनं मॅच बॅरल सहजी झिजत नाही. खराब होतं ते लोखंडी सळईनं साफ करणाऱ्यांच्या हातून : नळीच्या तोंडाची कड चिरते आणि ग्रुप एका बाजूला फाकतो. भिंगातून ती कड गोल फिरून पाहा. "बॅरल एक नंबर आहे" हे विकणारा ठासून सांगतो आणि ते खरंही असतं. मुदत संपणाऱ्या आणि झिजणाऱ्या भागांबद्दल तो गप्प राहतो.

रायफलसोबत कंपनीचं टेस्ट कार्ड मिळालं होतं, त्यावर पाच शॉटचा एकच भोक वाटावा असा ग्रुप. कार्डावरचा सीरियल नंबर रायफलच्या नंबराशी जुळला नाही. कार्ड दुसऱ्याच रायफलचं होतं. नंबर जुळवायला अर्धं मिनिट लागतं. तोच नंबर कंपनीला ईमेल केला तर उत्पादनाचं वर्षही बहुधा कळतं. या "दोन वर्षांच्या" रायफलचं मॉडेल कंपनीनं केव्हाच बंद केलेलं होतं.

कागदांबद्दल. भारतात 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 जूलपर्यंतच्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. मॅच रायफल साडेसात-आठ जूलच्या आसपास असते, त्यामुळे ती या हद्दीत आरामात बसते. म्हणून "पॉवर वाढवून देतो" हा अपग्रेड जिथे ऐकाल तिथून उठा. 10 मीटरवर कागदाला भोक पाडायला जास्त ताकद लागत नाही, वाढवलेल्या वेगानं ग्रुप बिघडतो आणि कायद्याची हद्द जवळ येते ती वेगळीच. मूळ बिल मागा. रायफल कुणा खेळाडूनं स्वतःच्या नावावर बाहेरून आणली असेल तर आयातीचा कागद पाहा, शुल्कात सवलत घेतली होती का आणि विकण्यावर काही अट आहे का ते वाचा. व्यवहाराची पावती साध्या कागदावर असली तरी चालेल, पण तिच्यात दोघांची नावं, ओळखपत्र, रायफलचा सीरियल नंबर, प्रत्येक सिलिंडरचा नंबर आणि मुदत लिहिलेली हवी. "दोन सिलिंडर" एवढंच लिहिलेल्या पावतीवर पुढे भांडता येत नाही.

काही वेळा तर रायफलच नसते. कुणाच्या तरी जुन्या जाहिरातीतले फोटो, "मी आर्मीत आहे, बदली झालीय" अशी ओळख, गणवेशातलं ओळखपत्र. आधी टोकन, मग कुरिअरचा विमा, मग "वाहतूक परवान्याची फी", प्रत्येक वेळी परत मिळणार म्हणून. शेवटी पैसे परत करायच्या नावाखाली क्यूआर कोड पाठवतात. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन तर नाहीच नाही. व्हिडिओ कॉलवर आजच्या तारखेची चिठ्ठी सीरियल नंबरशेजारी धरायला सांगा. खरा मालक एका मिनिटात दाखवतो. पैसे गेलेच तर त्याच तासात 1930 वर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता तेव्हाच असते.

पेलेटच्या डब्यांतही हेच चालतं. उघडून पुन्हा बंद केलेल्या डब्यावर 4.49 किंवा 4.50 मिलिमीटर व्यासाचं स्टिकर लावून देतात. बॅच नंबर पाहा. ओळखीच्या सोनाराच्या मिलिग्रॅम काट्यावर वीस पेलेट एकेक करून तोला. मॅच पेलेट साधारण 0.53 ग्रॅमचं असतं, एकाच डब्यातली वजनं एकमेकांना चिकटून असली पाहिजेत.

त्या पालकांनी सीरियल नंबर, स्टिकर सोललेल्या सिलिंडरचे फोटो आणि चॅट घेऊन पोलीस ठाण्यात अर्ज दिला. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 आहे. विकणारा खासगी माणूस होता, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता नव्हता. दुकानदाराकडून बिलानं घेतली असती तर 1915 या ग्राहक हेल्पलाईनपासून सुरुवात करता आली असती. तक्रारीचा धाक पोचल्यावर विकणाऱ्यानं थोडे पैसे परत केले. ते नवा सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या सीलसाठी गेले. वजनं काढली, ट्रिगर पुस्तिकेप्रमाणे पुन्हा लावला, जुनी पण अस्सल साईट एका सीनियर खेळाडूकडून घेतली. मुलगी आता त्याच बॅरलवर खेळते.

मुदत संपलेला सिलिंडर तसाच कपाटात ठेवू नका आणि भंगारवाल्यालाही देऊ नका. तो पुन्हा रंग लावून बाजारात येतो. आधी ॲडॉप्टरनं हवा पूर्ण सोडा, गेज शून्यावर आल्याची खात्री करा, मग जाणकाराकडून व्हॉल्व्ह काढून घ्या आणि वर्कशॉपमध्ये नळीला आरपार भोक पाडून घ्या.