अडीचशे रुपयांत किशोरवयीनांची दिवाळी : पेठांतल्या बाजारांचे परीक्षण

दिवाळीत लहान मुलांसाठी भेट घेणे सोपे असते आणि मोठ्यांकडे सुक्या मेव्याचा डबा नेला तरी चालते. अवघड जाते ते तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या बाबतीत. खेळण्यांचे त्यांचे वय सरलेले असते, त्यांना न विचारता घेतलेले कपडे कपाटात पडून राहतात आणि ज्या वस्तूंवर त्यांचा खरोखर जीव असतो, म्हणजे हेडफोन, बूट, घड्याळ, त्यांच्या किमती साध्या पगाराच्या घराला झेपत नाहीत. भाऊबिजेला आमच्या घरी या वयाची बरीच मुले जमतात. एका मावशीने हजाराची वस्तू आणली की दुसऱ्या काकूला संकोच वाटतो, म्हणून प्रत्येक मुलामागे २५० रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, असे आम्ही भावंडांनी ठरवून घेतले आहे. या मर्यादेत पुण्याच्या कोणत्या बाजारात काय घेण्याजोगे मिळते आणि कोठे पैसे वाया जातात, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

बाजारांची पारख करताना मी एकच कसोटी लावली आहे. महाग वस्तूची स्वस्त नक्कल घ्यायची नाही, जी वस्तू मुळातच स्वस्त असते तिची उत्तम प्रत घ्यायची. अडीचशे रुपयांत मिळणारे घड्याळ हे वाईट घड्याळ असते, पण अडीचशे रुपयांत मिळणाऱ्या चित्रकलेच्या पेन्सिली शहरातल्या उत्तम पेन्सिलींपैकी असू शकतात. या वयाच्या मुलांना हा फरक मोठ्यांपेक्षा लवकर कळतो. नामांकित कंपनीचे खोटे चिन्ह लावलेली वस्तू वर्गात नेण्याची त्यांना लाज वाटते आणि ती लाज ते देणाऱ्याला बोलून दाखवत नाहीत. साधी पण अस्सल वस्तू मात्र ते वापरून वापरून झिजवतात.

या कसोटीवर अप्पा बळवंत चौक सर्वांत वरचा ठरतो, आणि तोही पुस्तकांपेक्षा लेखन-चित्रकलेच्या साहित्यासाठी. जून महिन्यात पाठ्यपुस्तकांसाठी रांगा लागणाऱ्या या भागात दिवाळीच्या आधी तुलनेने निवांतपणा असतो, त्यामुळे दुकानदाराला प्रश्न विचारता येतात आणि तो उत्तरेही देतो. चित्रे काढणाऱ्या मुलीसाठी एचबीपासून ६बीपर्यंतच्या, म्हणजे मध्यम ते गडद रेघेच्या, पेन्सिलींचा संच, मळून वापरायचा खोडरबर आणि जाड कागदाची छोटी वही, असा सारा ऐवज अडीचशेच्या आत बसतो. वही घेताना कागदाचे वजन पाहावे. पेन्सिलीच्या कामाला १२० ते १५० जीएसएमचा (ग्रॅम प्रति चौरस मीटर) कागद पुरतो, परंतु जलरंगांसाठी किमान २०० आणि शक्य असल्यास ३०० जीएसएमचा लागतो, नाहीतर पाणी लागताच पान फुगून सुरकुतते आणि मुलीला वाटते की आपला हातच चांगला नाही. दुकानात ‘चित्रकलेची वही’ एवढेच मागितले तर बहुधा शाळेची पातळ कागदाची वही समोर येते, म्हणून जीएसएमचा आकडा सांगूनच मागावी.

याच दुकानांत शाईचे पेन दाखवायला सांगावे. शाई भरायचे साधे भारतीय पेन आणि निळ्या-काळ्या शाईची दौत मिळून आमच्या मर्यादेत येते, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती ती भेट वेगळाच मान घेऊन येते. अक्षर बरे नसलेल्या मुलाला मात्र ‘आता तरी अक्षर सुधार’ असे म्हणून पेन देऊ नये, तशी भेट टोचते. निब कागदावर खरवडते का, हे दुकानातच दोन ओळी लिहून पाहावे. चांगला दुकानदार त्यासाठी निब शाईत बुडवून देतो, आणि जो देत नाही त्याच्याकडून पेन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

किमतींबाबत एक गोष्ट ठाऊक असावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर आणि रंगीत खडू यांच्यावरचा वस्तू व सेवा कर शून्यावर आला, तर कंपासपेटी आणि रंगपेटीवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. छापील पुस्तकांवर तो कर पूर्वीही नव्हता. त्यामुळे पाकिटावर त्याआधीची किंमत छापलेली दिसली, तर सुधारित किंमत किती, असे नि:संकोच विचारावे.

पुस्तकांविषयी थोडे लिहितो, कारण ती विषयवार निवडावी लागतात आणि निवड चुकली तर भेट न वाचता तशीच राहते. मराठी पुस्तकांवर बहुतेक दुकाने छापील किमतीत काही सूट देतात, आणि दिवाळी अंक या मर्यादेत सहज बसतात. सातवी-आठवीच्या मुलांसाठी बालभारतीच्या मुलांच्या मासिकाचा दिवाळी अंक चांगला, चित्रे आणि मजकूर या दोन्ही बाबतींत तो किमतीच्या मानाने फार पुढे आहे. दहावीच्या मुलाला गाइड किंवा प्रश्नपत्रिका संच सणाची भेट म्हणून देऊ नये. गरज असेल तर तो आई-वडिलांनी एरवी घ्यावा, सणाच्या दिवशी नव्हे.

दुसरा क्रमांक मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीला देईन, आणि ज्यांना एकाच वेळी सात-आठ मुलांसाठी खरेदी करायची आहे त्यांच्यासाठी पहिला. हा ठोक बाजार आहे. मणी, रेशीम, सुतळी, मॅक्रमेचा म्हणजे गाठी मारून शोभेच्या वस्तू करण्याचा दोरा, रंगीत कागद, रिबिनी, रिकामे डबे, बाटल्या असा माल येथे डझनावर, गड्ड्यावर किंवा वजनावर मिळतो, आणि सुटी एकच वस्तू मागणाऱ्याकडे दुकानदार फारसे लक्ष देत नाही. म्हणून दोन-तीन कुटुंबांनी मिळून जावे आणि माल घरी वाटून घ्यावा. आम्ही येथून वेगवेगळ्या रंगांचे काचेचे मणी, लवचिक दोरा, हुक आणि झाकणाचे छोटे डबे घेतले आणि घरी त्याचे ब्रेसलेट बनवण्याचे संच तयार केले. असे तयार संच ऑनलाइन मिळतात, पण त्यांच्या किमतीत मोठा वाटा खोक्याचा असतो आणि मणी मोजकेच येतात. आमच्या डब्यांत मैत्रिणींनाही ब्रेसलेट करून देता येतील इतके मणी बसले. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलींना वस्तूपेक्षा ती कोणाला देता येते याचे महत्त्व अधिक असते, त्यामुळे ही भेट आम्ही दिलेल्या सगळ्या भेटींत अधिक गाजली. मॅक्रमेचा दोरा मोठ्या मुलींसाठी आणि हाताने काही करण्याची आवड असलेल्या मुलांसाठीही घ्यावा. गाठी शिकायला मोबाइलवर भरपूर चित्रफिती आहेत आणि एका लडीत कुंडी टांगण्याचे शिंके सहज होते. भेटी गुंडाळण्यासाठीही येथूनच खाकी कागदाचा गठ्ठा घ्यावा, चकचकीत कागदापेक्षा तो स्वस्त पडतो आणि त्यावर नाव लिहिता येते.

बोहरी आळीची गैरसोय म्हणजे तिथली गर्दी आणि अरुंद रस्ते. हातगाड्या आणि टेम्पो यांतून वाट काढावी लागते. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना किंवा लहान मुलाला सोबत नेऊ नये. शिवाय ठोक मालाची अदलाबदल होत नाही, त्यामुळे पाकीट दुकानातच उघडून पाहावे.

तुळशीबागेबद्दल माझे मत संमिश्र आहे, आणि या बाजारावर मनापासून माया असूनही ते लिहिणे भाग आहे. पेशवाईत नारो अप्पाजी खिरे यांनी बांधलेल्या राममंदिराभोवती वाढलेला हा बाजार संसाराच्या वस्तू, पूजेचे साहित्य आणि भातुकली यांसाठी आजही अजोड आहे. किशोरवयीन मुलींसाठी केसांचे क्लचर, स्क्रंची, ऑक्सिडाइज्ड कानातले आणि खणाच्या कापडाचे बटवे येथे विपुल आहेत. त्यांपैकी खणाचा बटवा किंवा पेन्सिलींची पिशवी ही उत्तम भेट आहे. शिवण आतून उलटून पाहावी, चेन दोन-तीनदा ओढून पाहावी आणि अस्तर असलेलीच घ्यावी. कानातले मात्र विचार करून घ्यावेत. स्वस्त धातूच्या दागिन्यांत निकेल असण्याची शक्यता असते आणि निकेलमुळे अनेकांच्या कानाच्या पाळीला खाज सुटून चट्टे उठतात. नुकतेच कान टोचलेल्या किंवा नाजूक त्वचेच्या मुलीला असे दागिने देण्यापेक्षा केसांचे दागिने द्यावेत. लिपस्टिक किंवा नेलपॉलिश घेतलेच, तर वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख छापलेली असावी, एवढे तरी पाहावे. यांतले एकही नसलेला माल स्वस्त असला तरी चेहऱ्याला लावण्याच्या लायकीचा नसतो.

तुळशीबागेत मुलांसाठी, म्हणजे मुलग्यांसाठी, जवळजवळ काहीच नाही, आणि पुष्कळ घरांत मुलग्यांच्या हाती शेवटी पैशांचे पाकीटच पडते त्याचे हे एक कारण असावे. त्यांच्यासाठी खेळाच्या साहित्याच्या दुकानात जावे. क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला बॅटची नवी ग्रिप, बॅडमिंटन खेळणाऱ्याला रॅकेटची ग्रिप आणि शटल, व्यायाम सुरू केलेल्याला दोरीच्या उड्या मारण्याची चांगली दोरी, या सर्व वस्तू आमच्या मर्यादेत येतात. त्यांतून त्या मुलाला हेही जाणवते की तो काय खेळतो याकडे घरातल्या कोणाचे तरी लक्ष आहे. जलद फिरणारा रुबिक क्यूबही दोनशेच्या आसपास मिळतो, फक्त तो दुकानात फिरवून पाहावा, कडक फिरणारा क्यूब मुले बाजूला टाकतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या घरातल्या मुली पटावर बसू लागल्या आहेत. दोघी बहिणींच्या मर्यादा एकत्र केल्या तर गुंडाळून ठेवता येणारा पट आणि सोंगट्या घेता येतात, आणि दोघींना मिळून एकच वस्तू दिल्याचे त्यांना वाईटही वाटत नाही.

बिनतारी इअरफोन, पॉवर बँक, चार्जर या वस्तू रस्त्यावरच्या ठेल्यावरून किंवा बिल न देणाऱ्या दुकानातून मुळीच घेऊ नयेत. या वस्तूंना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक वस्तूवर किंवा वेष्टनावर असतो आणि तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर तपासता येतो. आमच्या एका नातेवाइकांनी शहरातल्या एका दुकानातून घेतलेले बिनतारी इअरफोन आठवडाभरात बंद पडले. बिल नसल्याने दुकानदाराने हात वर केले आणि देणाऱ्याला व घेणाऱ्यालाही अवघडल्यासारखे झाले. फुगणारी बॅटरी उशाशी ठेवून झोपणाऱ्या वयातल्या मुलांच्या हाती अशी वस्तू देऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन.

डेक्कनवरची हाँगकाँग गल्ली आणि फर्ग्युसन रस्ता या जागा भेट आणण्यासाठी नव्हेत, मुलांना सोबत नेण्यासाठी आहेत. मोबाइलचे कव्हर घ्यायला फोनचे मॉडेल अचूक ठाऊक हवे, आणि कपड्यांची आवड त्यांनाच ठरवू द्यावी. ‘अडीचशे रुपये तुझे, हवे ते घे’ असे सांगून सोळा-सतरा वर्षांच्या भाचीबरोबर तासभर फिरणे ही तिच्यासाठी चांगली भेट ठरते, घासाघीसही ती आपल्यापेक्षा बरी करते. कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटला हेच लागू आहे. बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार यंत्रे उघडून पाहणाऱ्या मुलासाठी मौजेचा आहे. तेथून पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर घ्यावेत, ‘शिवकालीन’ म्हणून दाखवलेली नाणी आणि बिनबिलाचे मोबाइल घेऊ नयेत.

बाजाराबाहेरच्या दोन भेटींचा उल्लेख करायलाच हवा. १८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर, नारायण पेठेतले पुणे मराठी ग्रंथालय किंवा आपल्या उपनगरातले एखादे वाचनालय यांची वर्गणी दोघा-तिघा नातेवाइकांनी मिळून भरावी. वाचणाऱ्या मुलीला एका पुस्तकाऐवजी पुढचे अनेक महिने हवे ते पुस्तक निवडता येते. वर्गणी आणि परत मिळणारी अनामत आधी चौकशी करून घ्यावी, आणि वाचनालय मुलीच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे ना, हे अवश्य पाहावे, कारण वाट वाकडी करावी लागली की पुस्तके बदलणे थांबते. दुसरी भेट म्हणजे टपाल खात्याचे तिकीटसंग्राहकांसाठीचे ठेव खाते. ते २०० रुपयांपासून उघडता येते आणि नवी तिकिटे निघतील तशी घरी येत राहतात. इतिहासाची किंवा पक्ष्यांची गोडी असलेल्या मुलासाठी मी याची शिफारस करेन. कॅम्पातल्या मुख्य टपाल कार्यालयात त्याची चौकशी होते.

अप्पा बळवंत चौक, तुळशीबाग आणि बोहरी आळी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे सारी खरेदी एका फेरीत होऊ शकते. दुचाकी किंवा चारचाकी आणू नये. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रो मार्ग सुरू झाल्यापासून मंडई स्थानकावर उतरून थेट बाजारात पोहोचता येते. वाहन आणणे अटळ असेल तर ते मंडईजवळच्या वाहनतळावर लावावे. वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात, कामाच्या दिवशी, दुकाने उघडताच जावे. तेव्हा माल पूर्ण असतो, दुकानदार निब बुडवून दाखवतो आणि ठेलेवालेही भावात चार रुपये कमी करायला तयार असतात. धनत्रयोदशीनंतर लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि त्या रेटारेटीत शिवण उलटून पाहणेही जमत नाही.