कात्रजचा नळ: आखणीला पाचात पाच, पाण्याला एक

नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास बांधून घेतलेली ही पुण्याच्या पाणीपुरवठ्याची सोय. ना पंप, ना वीज, ना गुरुवारचं 'पाणी बंद'. कात्रज उंचावर, शनिवारवाडा सखल भागात; सगळा कारभार नुसत्या उतारावर.

कात्रजला तळी दोन, एक वर, एक खाली. पावसाळ्यातला गढूळ लोंढा वरच्या तळ्यात थबकतो, जड गाळ तिथेच बसतो, निवळलेलं पाणी खालच्यात उतरतं. पुढे शहरापर्यंत जमिनीखालून बंदिस्त नळ. नळ म्हणजे तोटी नव्हे हं, चुन्यात बांधलेलं भुयार. साफसफाईला माणूस आत उतरू शकतो.

खरी करामत उच्छ्वासांची. वाटेत ठिकठिकाणी बांधलेल्या या चौकोनी मनोऱ्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडते. ती अडकून राहिली तर धार मंदावते. उच्छ्वासाच्या तळाशी पाण्याचा वेग मोडतो, उरलासुरला गाळ बसतो आणि तो उपसायची वाटही तीच. एक उच्छ्वास बुजवला की तिन्ही कामं एकदम बंद.

शेवटी पेठांतले हौद. साततोटीचं नावच तोट्यांवरून. फडके हौद मात्र आता रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता झालाय. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला ही धरणं फुटून घरातल्या तोट्यांचं पाणी गेलं, तेव्हा गावाला हौद आणि विहिरीच आठवल्या.

मार्क कापायचे ते देखभालीचे. जुन्या चुन्याच्या सांध्यात सिमेंट थापणं ही सर्रास होणारी चूक. सिमेंट कडक होतं, ओल बाहेर जाऊ देत नाही. मग ती शेजारून वाट काढते आणि चांगल्या विटेचा भुगा होतो. सांधा आधी बोटभर खोल खरवडावा, पाणी मारून ओला करावा. चुना एक भाग, वाळू आणि विटांचा चुरा मिळून तीन भाग, हे नीट मळून पातळ थरांत भरावं. विटांच्या चुऱ्यामुळे चुना ओलीतही धरतो. वर ओलं गोणपाट किमान आठवडाभर. घाई केली की केसासारख्या चिरा पडतात.

हे पाणी पिऊ नका. वरच्या वस्तीचं ड्रेनेज झिरपतं. उकळून जंतू मरतील, पण साबण आणि रसायनं तशीच राहतात. म्हणून पाण्याला पाचात एक, आणि तोही तपासून घेतलं तर कुंड्यांपुरता.