भिंतीवरच्या फ्रेम: ऑनलाइन सेट घ्यावा की फ्रेमवाल्याकडे जावं?

नवीन घराच्या भिंती रिकाम्या दिसायला लागल्या की दोनच रस्ते उरतात, एकतर सहा-आठ फ्रेमचा सेट ऑनलाइन मागवायचा किंवा फोटो घेऊन फ्रेमवाल्याकडे जायचं. मी दोन्ही केलंय आणि आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या घरात आजही दोन्ही शेजारी-शेजारी लटकतायत, त्यामुळे हे भिंतीकडे बघूनच लिहितोय. साइज, रंग, डिझाइन वगैरे तुम्ही बघितलंच असेल, ते सोडून देतो.

आधी ऑनलाइन सेटबद्दल चांगलं बोलून घेतो कारण पुढे फारसं बोलणार नाहीये. दिसतो छान. सगळ्या फ्रेम एका मापाच्या, एका रंगाच्या, सोबत भिंतीवर चिकटवायचा कागद येतो ज्यावर भोकं कुठे पाडायची ते छापलेलं असतं, त्यामुळे वरखाली होत नाही. पुढे काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक असतं, ते काचेच्या साधारण निम्म्या वजनाचं, आणि घरात बॉल खेळणारं कार्टं असेल तर हा मुद्दा लहान नाही. अ‍ॅक्रिलिकवर धूळ मात्र जास्त बसते, कोरड्या फडक्याने पुसली की उलट अजून ओढून घेते, आणि काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे त्यावर चालत नाही, हळूहळू धुरकट होतं. पण एवढ्यावर कोणी सेट नाकारणार नाही, मीही नाकारला नसता.

माझं मत फिरलं ते फोटो चिकटण्यावरून. मुलीच्या बारशाचा फोटो, लॅबमधून काढलेली चांगली ग्लॉसी प्रिंट, सेटमधल्या मधल्या फ्रेममध्ये लावला होता. पावसाळा ऐन भरात असताना आत्याच्या गालावर एक ओलसर चकाकणारा डाग दिसायला लागला. आधी वाटलं बाहेरून पाणी उडालंय, पुसलं, गेला नाही. मग तो पसरत खांद्यापर्यंत आला. फ्रेम उघडून फोटोचा कोपरा हलकेच उचलला तर कागद हातात आणि रंगाचा पापुद्रा अ‍ॅक्रिलिकला. आत्या अर्धी इकडे अर्धी तिकडे. फाइल होती म्हणून दुसरी प्रिंट काढली, पण घरात ज्या जुन्या फोटोंची एकच कॉपी आहे त्यांचा विचार करून पोटात गोळा आला.

हे का होतं तर लॅबच्या प्रिंटवर जिलेटिनचा थर असतो, तो दमट हवेत ओल धरतो आणि जे टेकलेलं असेल त्याला चिकटतो. या सेटमध्ये फोटो थेट अ‍ॅक्रिलिकला टेकतो, आणि मागे ते वाकवायचे पत्र्याचे कान असतात, त्यांच्या फटीतून हवा खुशाल आत-बाहेर करते. शिवाय फ्रेमची पट्टी एमडीएफची, म्हणजे दाबलेला लाकडाचा भुसा, ओल लागली की फुगते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर, पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातले बेल्टसुद्धा पांढरे होतात, तिथे ही फ्रेम काय टिकणार. तुम्ही पुण्या-नगरकडे राहत असाल तर कदाचित हा त्रास होणारच नाही, मी फक्त आमच्या घरापुरतं सांगतोय.

आता फ्रेमवाला. कटकट आहे हे आधीच मान्य. नौपाड्यात गाडी लावायला जागा नाही, भिंतीभर टांगलेले पट्टीचे कोपरे बघून डोकं गरगरतं, तो सोनेरी नक्षीचीच पट्टी पुढे करतो, "साहेब, सध्या हीच चालतेय", आणि "परवा या" म्हणाला की परवा जायचं नसतं हे तुम्हाला माहीत असेलच. पैसेही जास्त, मला सेटमधल्या एका फ्रेमच्या मानाने सहज दुप्पट पडले.

पण तो माउंट लावतो. फोटोभोवतीचा तो जाड पांढरा पुठ्ठा शोभेसाठी असतो असं मलाही वाटायचं, खरं काम त्याचं फोटो आणि काच यांच्यात फट ठेवायचं आहे. मागे बॅकच्या कडेने तपकिरी टेप मारतो, त्यामुळे धूळ आणि ते बारीक किडेही आत जात नाहीत. तेच बारसं आता माउंटमध्ये आहे आणि पावसाळे काढूनही आत्या शाबूत आहे.

पट्टीत सागवान की फायबर, तर माझा हात फायबरकडे जातो. सागवान सुंदरच, आजोबांच्या फोटोला तेच घेतलं, पण लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं आणि कोपऱ्याचा जोड थोडा उघडतो. फायबर जवळून प्लॅस्टिकसारखं दिसतं खरं, पण फुगत नाही, वाळवी लागत नाही. नॉन-ग्लेअर, म्हणजे न चकाकणारी काच तो आवर्जून सुचवेल, खिडकीसमोर भिंत असेल तरच घ्या, कारण माउंटमुळे फट पडली की त्या काचेतून फोटो जरा धूसर दिसतो.

जव्हार-डहाणूकडून, म्हणजे २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या भागातून, कापडावरची वारली आणली असेल तर मात्र विचारच करू नका, फ्रेमवालाच. तो पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा असो नाहीतर पोस्टर कलरचा, काचेला घासला की निघायला लागतो.

वजनाचं बघून ठेवा. १८ बाय २४ इंचाला २ मिलिमीटरची नुसती काचच जवळपास १.४ किलो भरते, चिकटपट्टीच्या भरवशावर ती टांगू नये, पावसाळ्यात पट्टी रंगासकट खाली येते. आणि नवीन टॉवरच्या मिवानच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंती आख्ख्या काँक्रीटच्या असतात, खिळा वाकतो पण जात नाही, हॅमर ड्रिल आणि गिट्टीच (भोकात बसवून स्क्रू धरणारा प्लग) लागते. भाड्याच्या घरात मालक भोकं पाडू देत नसेल तर हलका सेट घ्या, वाईट काही नाही, फक्त त्यात इंकजेटची मॅट प्रिंट लावा किंवा फट राहावी म्हणून कडेने जाड पुठ्ठ्याची पट्टी कापून आत बसवा.

फ्रेमवाल्याकडे जाणार असाल तर धो धो पावसात फोटो देऊ नका, कागदातली ओल टेपच्या आत बंद होते. दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी व्हायला लागते तेव्हा द्या, दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत, आणि माउंट साधा की अ‍ॅसिड-फ्री ते विचारून घ्या, साध्याची कापलेली कड काही वर्षांत पिवळी पडते.